नऊ हॅलोजन आणि एक न्यूट्रल

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या हॉस्टेलवर दोन गोष्टी मिळेनाशा होतात. एक झोप आणि दुसरी एक्स्टेंशन बोर्ड. झोप कुठे जाते ते सगळ्यांना माहीत आहे. बोर्ड जातात सभागृहात, हॅलोजनच्या दिमतीला.

मी फर्स्ट इयरला होतो तेव्हाची गोष्ट. एकांकिकेची तालीम चालू होती आणि माझ्याकडे काम होतं "लाईट बघण्याचं". फर्स्ट इयरवाल्याला स्टेजवर कोणी घेत नाही, म्हणून शिडी धरायला घेतात. १००० वॉटचे चार हॅलोजन मी हॉस्टेलवरून आणलेल्या एकाच बोर्डात लावले आणि बोर्डाची पिन १६ अँपिअरच्या पॉइंटमध्ये अडॅप्टर घालून बसवली. लाईट झकास लागले. एमसीबी पडला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी समजलो. अर्ध्या तासाने विंगेत जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. पडद्यामागे गुंडाळी करून ठेवलेली बोर्डाची वायर हाताला चटका बसेल इतकी तापली होती आणि पिन सॉकेटमध्ये वितळून चिकटली होती. वायरीपासून वीतभर अंतरावर पडदा होता. सुती, जुना, कोरडा ठणठणीत पडदा.

त्या रात्री आम्ही सगळे खूप हसलो. आज मी फायनल इयरला इलेक्ट्रिकल शिकतोय आणि आता हसू येत नाही. कारण आता गणित करता येतं.

एमसीबी का पडला नाही?

चार हॅलोजन म्हणजे ४००० वॉट. ४००० भागिले २३० म्हणजे साधारण १७.४ अँपिअर. एमसीबी होता १६ अँपिअरचा. आता गंमत बघा. एमसीबीच्या मानकातच असं आहे की रेटिंगच्या १.१३ पट करंट वाहत असेल तर त्याने तासभर पडताच कामा नये. १६ गुणिले १.१३ म्हणजे १८ अँपिअर. म्हणजे बिचाऱ्या एमसीबीने नियमाप्रमाणेच काम केलं. तो भिंतीतल्या वायरीसाठी बसवलेला असतो. आपण बाहेरून कसली वायर जोडली हे त्याला कळत नाही.

बोर्डाची वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची होती. अशी वायर सहा-सात अँपिअरसाठी असते. तिचा रोध किलोमीटरला साधारण २६ ओहम. पाच मीटरची वायर, जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.२६ ओहम. १७.४ चा वर्ग गुणिले ०.२६ केलं की येतात सुमारे ७९ वॉट. आपल्या लॅबमध्ये २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न असतात, त्यातली तीन त्या वायरीच्या पोटात घालून ती गुंडाळून ठेवण्यासारखंच हे झालं. सुटी पसरलेली वायर निदान हवेने थंड होते. गुंडाळलेली वायर स्वतःलाच तापवत बसते.

"चारशेचाळीसवर लावू या की!"

पुढच्या वर्षी लाईटची यादी नऊ हॅलोजनवर गेली. तेव्हा माझ्या रूममेटने (तो मेकॅनिकलचा, त्यामुळे त्याला माफ आहे) उपाय सुचवला, "सभागृहाच्या मागे थ्री फेजचा बोर्ड आहे ना? चारशेचाळीसवर लावू या. व्होल्टेज जास्त, उजेड जास्त आणि बिल कमी!"

या एका वाक्यात तीन समज आहेत आणि तिन्ही आपल्याकडे घरोघर ऐकू येतात. त्याला समजावताना मला जे उदाहरण सुचलं तेच इथे सांगतो.

समजा, आपल्या रत्नागिरीतल्या एखाद्या बागेतून पाखाडी उतरून रस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत तासाला हजार आंबे पोचवायचे आहेत. पेटीत पन्नास आंबे मावत असतील तर तासाला वीस पेट्या खाली उतरल्या पाहिजेत. पेटी शंभर आंब्यांची केली तर दहाच पेट्या पुरतात. टेम्पोत पडणारे आंबे दोन्ही वेळी हजारच. फरक पडतो तो पाखाडीवरच्या गर्दीत.

तासाला पोचणारे आंबे म्हणजे वॉट. एका पेटीतले आंबे म्हणजे व्होल्ट. पाखाडीवरून तासाला उतरणाऱ्या पेट्या म्हणजे अँपिअर. आणि पाखाडी म्हणजे आपली वायर. व्होल्टेज दुप्पट केलं की करंट निम्मा होतो आणि वायरीत तयार होणारी उष्णता एक चतुर्थांश होते, कारण उष्णता करंटच्या वर्गावर अवलंबून असते. वायरीची गर्दी कमी होते. दिव्याला मिळणारी ऊर्जा मात्र तेवढीच राहते.

आता समज क्रमांक एक: व्होल्टेज जास्त तर उजेड जास्त. हे खरं आहे, पण एकाच दिव्यावर आपण व्होल्टेज वाढवत नेलं तर. २३० व्होल्टचा तंतूचा दिवा २०७ व्होल्टवर म्हणजे दहा टक्के कमी दाबावर लावला तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. उन्हाळ्यात गावाकडे संध्याकाळी पिवळा बल्ब मलूल व्हायचा तो यामुळेच. उलट दहा टक्के जास्त व्होल्टेज दिलं तर उजेड वाढतो, पण दिव्याचं आयुष्य घटून तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतं. आणि चारशे व्होल्ट दिलं तर दिवा एकदाच लख्ख पेटतो आणि जातो.

पण दोन वेगळ्या व्होल्टेजसाठी बनवलेले सारख्याच वॉटचे दिवे घेतले तर? तंतूच्या दिव्यांच्या बाबतीत उत्तर चक्क उलटं आहे. १२० व्होल्टच्या १०० वॉटच्या बल्बमधून २३० व्होल्टच्या १०० वॉटच्या बल्बपेक्षा थोडा जास्तच उजेड मिळतो. कमी व्होल्टेजच्या दिव्यात करंट जास्त, म्हणून तंतू जाड आणि आखूड असतो. जाड तंतू जास्त तापवता येतो आणि तरी टिकतो.

समज क्रमांक दोन म्हणजे बिल. त्यासाठी जरा अमेरिकेला जाऊन येऊ.

मामेभावाचं तळघर

माझा एक मामेभाऊ न्यू जर्सीत एडिसन नावाच्याच गावात राहतो. थंडीत बाहेर बर्फ असतं, म्हणून त्याने तळघरात मेथी, कोथिंबीर आणि मामीच्या आग्रहाखातर तुळस लावली. उन्हाऐवजी वर १००० वॉटचा मोठा दिवा टांगला. दिव्याच्या पेटीवर लिहिलं होतं, १२० किंवा २४० व्होल्ट, कशावरही चालेल. त्याने मला विचारलं, "तू इलेक्ट्रिकलवाला ना? कशावर लावू? २४० वर लावला तर बिल निम्मं येईल असं सगळे म्हणतात."

हा प्रश्न आपल्याकडे पडतच नाही, कारण आपल्या घरात दोन व्होल्टेज नसतात. अमेरिकेत असतात. एडिसनसाहेबांनी १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं ते ११० व्होल्टच्या आसपास, डीसीवर. पुढे लवकरच तीन तारांची पद्धत आली. मधली तार न्यूट्रल, दोन्ही बाजूच्या तारांचा तिच्याशी ११० आणि आपसात २२० व्होल्ट. तांबं वाचलं आणि जुने दिवेही चालत राहिले. तीच कल्पना एसीच्या रूपात अमेरिकेत आजही आहे. घरात खरं तर २४० व्होल्ट येतं. दिवे-पंखे मधल्या तारेपासून अर्ध्यावर म्हणजे १२० वर चालतात आणि शेगडी, कपडे वाळवायचं यंत्र अशी दांडगी यंत्रं पूर्ण २४० वर. युरोपने वेगळी वाट धरली. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ मध्ये २२० व्होल्टकडे जायचं ठरवलं, कारण त्याच केबलमधून जास्त वीज पोचवता येत होती. आपल्याकडे इंग्रजांमुळे २४० आलं आणि आता मानक २३० आहे.

मामेभावाचं गणित मी करून दिलं. १००० वॉटला १२० व्होल्टवर ८.३ अँपिअर लागतात, २४० वर ४.२. त्यांच्या साध्या सर्किटची वायर १५ अँपिअरची, रोध किलोमीटरला सुमारे ८.३ ओहम. बोर्डापासून तळघर पंधरा मीटर, जाऊन-येऊन तीस मीटर, म्हणजे पाव ओहम. वायरीत वाया जाणारी वीज १२० वर सुमारे १७ वॉट, २४० वर सव्वाचार. फरक तेरा वॉटचा. दिवा रोज बारा तास चालला तर महिन्याला तीनशे साठ तास, म्हणजे वाचतात जेमतेम पावणेपाच युनिट. दिवा स्वतः खातो तीनशे साठ युनिट! बिल निम्मं होणार हे साफ खोटं. मीटर वॉट आणि तास मोजतो, व्होल्टेज बघून सूट देत नाही.

मग २४० चा फायदा काय? त्याच जाडीच्या वायरीवर जास्त दिवे. तिथल्या नियमानुसार तासन्‌तास चालणारा भार सर्किटच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच ठेवायचा. १५ अँपिअरमध्ये मिळाले बारा. १२० वर एकच दिवा बसतो, २४० वर दोन. एकच दिवा असेल तर जे आहे त्यावर लाव आणि दुसरा घेणार असशील तर २४० चं स्वतंत्र सर्किट तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून टाकून घे, असं मी कळवलं. तुळस उत्तम आहे.

आपला खरा पर्याय: एक फेज की तीन?

आता परत आपल्या सभागृहात. समज क्रमांक तीन, "चारशेचाळीस". आपल्या घरी सिंगल फेज असते, एक फेज आणि एक न्यूट्रल, दोघांत २३० व्होल्ट. थ्री फेजमध्ये तीन फेज आणि एक न्यूट्रल. कोणतीही फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० च असतात. दोन फेजमध्ये असतात २३० गुणिले वर्गमूळ तीन, म्हणजे सुमारे ४००. जुन्या २४० च्या हिशोबाने ४१५. बोलताना मात्र सगळे अजून "चारशेचाळीस"च म्हणतात. मोटारी त्या चारशेवर चालतात. दिवे नाही. थ्री फेज घेतली तरी प्रत्येक हॅलोजनला फेज-न्यूट्रलमधले २३० च द्यायचे असतात.

मग थ्री फेज कशाला? परत तीच पाखाडीवरची गर्दी. नऊ हॅलोजन म्हणजे ९००० वॉट. एका फेजवर ३९ अँपिअर. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या विनियमांत सिंगल फेजची मर्यादाच ४० अँपिअर धरली होती. म्हणजे दिव्यांतच सगळं संपलं, पंखे आणि साऊंड कशावर? तेच तीन-तीन दिवे प्रत्येक फेजवर टाकले तर फेजला १३ अँपिअर. आणि तिन्ही फेजवर भार सारखा असेल तर न्यूट्रलमधून परत जाणारा करंट शून्य. तीन करंट एकमेकांपासून १२० अंशांवर असतात, बेरीज केली की नाहीसे होतात. दुसऱ्या सेमिस्टरला फेझर काढताना हे रटलं होतं, इथे उपयोगाला आलं.

हाच हिशोब आपल्या जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर चालतो. चिपळूण तालुक्यात पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजगृह आहे. तिथल्या जनित्रांतून वीज निघते ११ हजार व्होल्टवर आणि डोंगराबाहेर पडताना होते २ लाख २० हजार व्होल्ट. व्होल्टेज वीसपट, करंट विसावा हिस्सा, तारेतलं नुकसान चारशेवा हिस्सा. पेटी मोठी केली की पाखाडी मोकळी होते, मग पाखाडी सभागृहातली असो की सह्याद्रीतली.

तर दुसऱ्या वर्षी आम्ही थ्री फेजवर गेलो. डावीकडचे तीन दिवे लाल फेजवर, मधले पिवळीवर, उजवीकडचे निळीवर. वायर थंडगार. मी स्वतःवर खूष.

आणि मग न्यूट्रल

इथपर्यंत लेख संपवला असता तर बरं झालं असतं. पण खरी गोष्ट पुढे आहे.

गेल्या वर्षी रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी आम्ही फक्त डावीकडचे तीन हॅलोजन लावून बसलो होतो. पिवळ्या फेजवर भाड्याने आणलेला अँप्लिफायर. निळीवर काहीच नाही. अचानक तिन्ही हॅलोजन विझल्यासारखे झाले. मला वाटलं लाल फेज गेली, म्हणून मी बोर्डाकडे निघालो. तेवढ्यात अँप्लिफायर एकदा किंचाळला आणि त्यातून धूर आला. बाजूला माईक हातात धरून उभी असलेली फर्स्ट इयरची मुलगी दचकून मागे सरकली. तिला काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं.

काय झालं होतं? न्यूट्रल सुटली होती. न्यूट्रल असते तोपर्यंत प्रत्येक फेजवरच्या वस्तू आपापले २३० व्होल्ट घेतात. ती तुटली की लाल फेजवरचे दिवे आणि पिवळ्या फेजवरचा अँप्लिफायर एकामागे एक जोडले जातात आणि दोघांवर मिळून येतात ४०० व्होल्ट. वाटणी रोधाप्रमाणे होते. तीन हॅलोजनचा रोध १७.६ ओहम. अँप्लिफायर ३०० वॉटचा धरला तर ढोबळमानाने १७६ ओहम, दहापट. म्हणून हॅलोजनना मिळाले जेमतेम ३६ व्होल्ट आणि अँप्लिफायरला ३६२. कमी वॉटची नाजूक वस्तू मरते आणि दांडगी वस्तू नुसती मलूल होते.

आणि एमसीबी? करंट होता दोन अँपिअरच्या आसपास. त्याला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. ईएलसीबीलाही नाही, कारण जमिनीत गळती झालीच नव्हती. आपण ज्यांच्या भरवशावर असतो ते दोन्ही पहारेकरी जागे होते आणि चोर त्यांच्या समोरून गेला.

लॅबच्या वायरमन काकांनी शोध घेतला. न्यूट्रलच्या वायरीला मध्येच एक जोड होता. नुसता पीळ मारून वर टेप गुंडाळलेली. समुद्राची खारी हवा आत शिरून तांबं हिरवं पडलं होतं. काकांनी जोड हातावर ठेवला आणि विचारलं, "हा कोणी मारला?"

तो मी मारला होता. आदल्या वर्षी, वायर दोन मीटर कमी पडली म्हणून. फेजच्या वायरींना मी कनेक्टर लावले होते, कारण फेजमध्ये करंट असतो. न्यूट्रलमध्ये करंट शून्य, असं माझं फेझर सांगत होतं, मग तिला कनेक्टर कशाला?

काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "फेज सुटली तर अंधार होतो रे. न्यूट्रल सुटली तर आग लागते." अँप्लिफायरचे पैसे आम्ही वर्गणी काढून भरले. माझा वाटा सगळ्यात मोठा होता, हे योग्यच झालं.

म्हणून, पुढच्या बॅचसाठी

पहिलं म्हणजे व्होल्टेजचा विचार करण्याआधी वॉटचा करा. १००० वॉटच्या हॅलोजनच्या जागी स्टेजवर दीडशे-दोनशे वॉटचे एलईडी दिवे मिळतात. नऊ गुणिले २०० म्हणजे १८०० वॉट, ७.८ अँपिअर. नीट जाड वायर असलेल्या १६ अँपिअरच्या एका पॉइंटवर सगळं भागतं. थ्री फेजचा प्रश्नच मिटतो. आपल्या सभागृहात जुने हॅलोजन आहेत तोवर मात्र पुढचं वाचा.

सहा अँपिअरच्या बोर्डावर १००० वॉटचा एकच हॅलोजन, दुसरा नाही. वायर पूर्ण उलगडून ठेवायची. पिनेला दर अर्ध्या तासाने हात लावून बघायचा. कोमट असेल तर चालेल, चटका बसला तर बंद.

तीनपेक्षा जास्त मोठे दिवे असतील तर थ्री फेज घ्या, पण तो बोर्ड आपण उघडायचा नाही. परवानाधारक वायरमनलाच जोडू द्या. भार तिन्ही फेजवर सारखा वाटा. एका फेजचे बोर्ड एका बाजूला ठेवा. दोन वेगळ्या फेजच्या वस्तू एकाच माणसाच्या दोन हातांत येता कामा नयेत, कारण त्यांच्यामध्ये ४०० व्होल्ट असतात.

न्यूट्रल फेजइतकीच जाड हवी. डिमर वापरत असाल तर नक्कीच. डिमर करंटची लाट कापतो. तिन्ही फेजमधले कापलेल्या लाटांचे तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, उलट त्यांची बेरीज होते. फेझरमधलं शून्य तिथे चालत नाही. न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा एकेरी एमसीबी कधीही टाकू नका. आणि न्यूट्रलचा जोड सगळ्यात आधी तपासा, विशेषतः पावसाळा उलटल्यावर, कारण आपल्या गावच्या हवेत तांबं फार दिवस लाल राहत नाही.

साऊंड सिस्टीम आणि लॅपटॉपना शक्य तर वेगळ्या सिंगल फेजच्या पॉइंटवरून पुरवठा द्या. एका बाजूचे दिवे मलूल आणि दुसऱ्या बाजूचे झगझगीत झाले तर विचार करत बसू नका. मेन स्विच पाडा, मग विचार करा.

यंदाच्या गॅदरिंगला मी पुन्हा लाईट बघणार आहे. शिडी धरायला फर्स्ट इयरचे दोघे हवे आहेत. अट एकच. वायर कमी पडली तर पीळ मारायचा नाही, मला हाक मारायची.